एकच पातं

पॅथॉलॉजी विभागाच्या त्या मागच्या खोलीत पातं बदलायची आठवण कुणी ताईंना करून दिली असती, तर ऐकणारे हसले असते. एकतीस वर्षं ताई तिथं एकच काम करत होत्या. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवला की त्याचा ब्लॉक तयार व्हायचा. ताई तो मशीनला लावायच्या आणि उजव्या हाताने चाक फिरवत धारदार पात्यावर त्याचे काप काढायच्या. एकेक काप चार मायक्रॉनचा. केसाच्या जाडीत असे पंधरा काप सहज मावले असते. काप निघताना त्या श्वास धरून ठेवायच्या, कारण तेवढ्या वाऱ्यानेही तो उडून जायचा.

विभागात त्यांचं नावच ‘चार मायक्रॉन’ पडलं होतं. कॅन्टीनवाला कपात साखर घालताना विचारायचा, “चार मायक्रॉन पुरे, की जास्त?” ताई हसायच्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच चहा घ्यायच्या.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, असं विचारणाऱ्यांचीही आता वयं झाली होती. त्या थोरल्या भावाकडे, दादांकडे राहायच्या. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातली जिन्याकडची ताईंची. आईवडील गेले तेव्हा ताई अकरा वर्षांच्या होत्या आणि दादा एकोणीसचे. त्यानंतर वेणी घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं दादांनीच केलं. वेणी वाकडी व्हायची, सही मात्र झोकात.

दादा बसस्थानकावर घोषणा करायचे. काचेच्या केबिनमध्ये बसून, माइक जवळ ओढून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. अठ्ठावीस वर्षं तो आवाज त्या स्थानकाच्या पत्र्याखाली घुमत होता. आवाजाला जपायचं म्हणून त्यांनी कधी सिगारेट हातात धरली नाही. गारठ्याच्या दिवसांत मफलर सोडला नाही. घरीही त्यांचा कारभार तोच असायचा. “लक्ष द्या! स्वयंपाकघरातून सुटणारा चहा सात मिनिटं उशिरा धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल वहिनींना खेद नाही.”

“खेद कशाला?” आतून वहिनींचा आवाज यायचा. “प्रवाशांनी उठून स्वतः गाळावा.”

वहिनींना तर नवऱ्याने साधं बोललेलं आठवतच नव्हतं.

त्या वर्षी थंडी सरताना ताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. दादा जेवताना प्रत्येक घासाला दोनदा गिळत होते. पहिल्यांदा गिळून झालं की हनुवटी किंचित खाली जायची, डोळे क्षणभर थांबायचे आणि मग दुसरा आवंढा. ताईंनी सलग तीन दिवस मोजलं. चौथ्या दिवशी त्या उठून दादांच्या मागे गेल्या आणि जबड्याखाली बोटं फिरवली. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. कडक होती. दाबली तरी हलली नाही.

“काय गं, गुदगुल्या करतेस?” दादा म्हणाले.

 ताईंच्या बोटांना उत्तर मिळालं होतं.

जिभेच्या मुळाशी, आरशातही दिसत नाही अशा जागी, कॅन्सर निघाला. तपासणीसाठी काढलेले तुकडे ताईंच्याच टेबलावर आले. तीन कण होते, मोहरीपेक्षा लहान. बाटलीवरचं नाव वाचून शेजारची सहकारी म्हणाली, “ताई, हे मी करते. तुम्ही बाहेर जाऊन बसा.” ताईंनी नको म्हणून मान हलवली आणि ते कण स्वतःच मेणात बसवले. मेण घट्ट होईपर्यंत त्या त्याकडे पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी तिघांना समोर बसवून समजावलं. घशाचे असे कॅन्सर दोन तऱ्हांचे असतात. काहींच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, काहींच्या नसतो. विषाणूवाला कॅन्सर उपचारांना बऱ्याचदा चांगली दाद देतो. रुग्णालयात सध्या एक अभ्यास चालू होता. त्यात अशा रुग्णांना कमी मात्रेचे किरण, तेही पाचच आठवडे, औषधाच्या सलाइनशिवाय देऊन पाहत होते. आवाज आणि गिळणं दोन्ही शाबूत राहण्याची आशा जास्त. विषाणू नसेल तर मात्र पूर्ण मात्रा, सात आठवडे, सोबत सलाइन. तोंडातली लाळ सुकेल, नळीतून जेवावं लागेल, आवाजाचं आज सांगता येणार नाही.

“आणि विषाणू नसताना कमी मात्रा दिली तर?” ताईंनी विचारलं.

“तर कॅन्सर मागे उरेल,” डॉक्टर म्हणाले. “आणि पुन्हा उठेल तेव्हा आपल्या हातात फारसं काही नसेल.”

रंगाची नेहमीची चाचणी मध्येच अडकली. काही पेशी रंगल्या, काही नाही. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. तेव्हा ठरलं की थेट विषाणूचाच शोध घ्यायचा. वरच्या मजल्यावर एक तरुण संशोधक डॉक्टर होत्या, सगळे त्यांना धाकट्या मॅडम म्हणत. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरचे जुने-नवे शहाण्णव ब्लॉक त्यांनी अभ्यासाला घेतले होते. कशात विषाणू आहे आणि जिथे आहे तिथे त्याच्या जनुकांत काय फरक पडतो, हे त्या अक्षर-अक्षर वाचत होत्या. त्या रांगेत दादांचा ब्लॉक बसला. त्याला नंबर मिळाला अठ्ठेचाळीस.

या कामाचा नियम वेगळा होता आणि ताईंनी तो स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला चिकटवला होता. प्रत्येक ब्लॉकला नवं पातं, नवे हातमोजे, आणि मध्ये एक कोरा मेणाचा ब्लॉक कापून तोही तपासायला पाठवायचा. एका माणसाचा डोळ्याला न दिसणारा कणही दुसऱ्याच्या कापांच्या नळीत जाता कामा नये.

रोजच्या कामाची रीत मात्र निराळी होती. ब्लॉकवर आधी नुसतं मेण असतं, ते खरडून तुकड्यापर्यंत पोचावं लागतं. त्या खरडण्याला कुणी नवं पातं वापरत नाही. आधीच्या ब्लॉकचं, थोडं बोथटलेलं पातं चालतं. खरडून झालं की ते काढून नवं लावायचं. एकतीस वर्षांत हे ताईंच्या डोक्यातून उतरून मनगटात गेलं होतं.

सत्तेचाळीस नंबर झाला. ताईंनी हातमोजे बदलले, मशीन पुसलं, कोरं मेण कापायला घेतलं आणि तेवढ्यात समोर बर्फावर गार करायला ठेवलेल्या ब्लॉकवर अठ्ठेचाळीसचा आकडा दिसला. त्या कशासाठी थांबल्या होत्या ते त्या क्षणी विसरल्या. ब्लॉक उचलून मशीनला लावला. जुनंच पातं होतं. हात खरडायला लागला.

कण इतके लहान की खरडायला काही नव्हतंच. दुसऱ्याच फेरीला मेणाच्या पट्टीत तीन राखाडी ठिपके आले.  दादांच्या घशातला एवढासा अंश, त्यातलाही वाया चालला होता. त्यांनी चाक थांबवलं, गुंडाळी झालेली ती पट्टी चिमट्याने हळूच उचलली आणि अठ्ठेचाळीसच्या नळीत सोडली. मग नवं पातं लावलं, आणखी चार काप घेतले, तेही त्याच नळीत टाकले. नंतर कोरं मेण कापलं. नव्या पात्याचं ते मेण तपासणीत अर्थातच स्वच्छ निघालं.

टाकून द्यायची पट्टी आपण ठेवली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. वाया घालवलं नाही म्हणून मनाला बरं वाटलं. पात्याचा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. अठ्ठेचाळीसमध्ये विषाणू होता. मात्रा अगदी काठावरची, पण होता.

कॅन्सरमध्ये विषाणू सापडला म्हणून आनंद करणारी घरं फार नसतील. त्या संध्याकाळी हे घर तसं होतं. वहिनींनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, “डॉक्टर म्हणत होते, हा माणसाकडून माणसाकडे येतो. कुठून आणलात हो हा पाहुणा?”

“तुमच्याच सामानात आला असेल, लग्नाच्या वेळी,” दादा म्हणाले. “मी एकेक पेटी उघडून थोडीच बघितली होती?”

“बघा हं, जीभ आजारी आहे तरी वळवळ गेली नाही!”

वहिनी हसता हसता स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ताईंनी आत डोकावलं. वहिनी पदर तोंडाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. किती दिवसांनी त्यांना मोकळं रडता आलं होतं.

दादांचं नाव पाच आठवड्यांच्या गटात गेलं. सोमवारी सुरुवात होणार होती. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी धाकट्या मॅडम एक लांबलचक कागद घेऊन खाली आल्या आणि ताईंच्या टेबलावर पसरून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

“ताई, हे तुमच्या हातचं काम. पहिल्यांदा तुम्हीच बघा.”

कागदावर आडव्या झाडासारखी आकृती होती. फांद्या, फांद्यांना डहाळ्या, प्रत्येक टोकाला एक नंबर.

“बावीस ब्लॉकमध्ये विषाणू सापडला,” मॅडम सांगू लागल्या. “सगळे एकाच जातीचे, सोळा नंबरचे. पण जात एक असली तरी त्यात घराणी असतात. विषाणूची सगळी मिळून आठ हजारांच्या आसपास अक्षरं. कुठे एखादं बदललेलं, कुठे दोन. जितकी अक्षरं जुळतात तितके ते या झाडावर जवळ बसतात. आता हे इथे बघा.”

मॅडमचं बोट झाडाच्या अगदी कडेला गेलं. बाकीच्यांपासून दूर एकच डहाळी होती आणि तिच्या टोकाला दोन नंबर, एकाखाली एक.

“ही तीन अक्षरं दुसऱ्या कुणातच नाहीत. फक्त या दोघांत. एक ब्लॉक नऊ वर्षांपूर्वीचा, एक आत्ताचा. म्हणजे एक वेगळाच प्रकार इतकी वर्षं आपल्या आसपास फिरतोय आणि कुणाला पत्ता नाही! मी यावरच लिहिणार आहे.”

ताईंनी नंबर वाचले. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

खोलीतल्या फ्रीजचं घरघरणं एकदम मोठं झालं. ताईंचा उजवा हात टेबलावर होता. आपलाच हात त्या असा बघत होत्या, जणू कुणी तो तिथे विसरून गेलं होतं. चाक, बर्फ, आकडा, पट्टी, चिमटा. आणि पात्याच्या जागी त्यांच्या आठवणीत काहीच नव्हतं. पातं बदलल्याची ओळखीची टकटक त्या आठवणीत कुठेच ऐकू येत नव्हती.

“ताई? बरं वाटत नाही का?”

“ऊन लागलं असेल,” ताई म्हणाल्या. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा दादा खुर्चीत बसून गालांवर हात फिरवत होते. त्या दिवशी किरणांसाठी चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा बनवला होता. त्याच्या चौकटी अजून कातडीवर उमटलेल्या होत्या.

“बघ, माझा आलेखाचा कागद केला,” ते म्हणाले. “पाच आठवडे रोज पंधरा मिनिटं गप्प पडायचं म्हणे. तुझी वहिनी म्हणते, हाच खरा उपचार.”

ताईंच्या ओठांवर आलं होतं. पण वहिनी कपाटातून कपड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या, शेजारीण काहीतरी विचारायला आली, जेवणाची पानं मांडली गेली. जेवताना ताईंनी मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजलं. एका घासाला तीन आवंढे.

गप्प बसणं फार सोपं होतं. त्या क्षणाला साक्षीदार नव्हता. कागदावर सगळं शिस्तीत होतं, कोरं मेणही स्वच्छ निघालं होतं. आणि कोण जाणे, खरंच दोघांत एकच प्रकार असेल! मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना शंका आली नाही. मग एक कापणारी बाई कशाला शंका काढते? बोललं तर दादांचा आवाज जाईल. नाही बोललं तर आवाज राहील, आणि दादा? रात्रभर ताई या दोन दारांमध्ये उभ्या होत्या. दोन्ही दारांच्या मागे कुणीतरी आवंढा गिळत होतं.

शुक्रवारी सकाळी त्या थेट वरच्या मजल्यावर गेल्या. मॅडमनी नुकतीच पर्स ठेवली होती.

“अठ्ठेचाळीस पुन्हा कापायला हवा,” ताई म्हणाल्या.

“का? किती थोडं उरलंय त्यात.”

“मी सत्तेचाळीसच्या पात्याने तो खरडला. आणि ते काप टाकले नाहीत.”

मॅडमना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या खुर्चीत बसल्या. भिंतीवर लावलेल्या त्या झाडाकडे त्यांनी पाहिलं, कडेच्या एकुलत्या डहाळीकडे.

“ताई, तुम्ही?” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर ताईंना सोसलं असतं. “दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. शेजारचे नंबर, सारखी अक्षरं, एवढीशी मात्रा. हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. पण कापणाऱ्या तुम्ही, म्हणून मी शंकाच घेतली नाही.”

“माझ्या भावाचा ब्लॉक आहे तो,” ताई म्हणाल्या.

“माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला नको होता द्यायला.” मॅडम उठल्या. “चला. मी समोर उभी राहते.”

मशीन तीनदा पुसलं. नवे हातमोजे घातले. नवं पातं खोक्यातून काढताना ताईंनी ते मॅडमना दाखवलं, शाळेत पाटी दाखवावी तसं. आधी कोरं मेण कापलं. मग अठ्ठेचाळीस. तीन कणांतला एक संपलेलाच होता, दोन टाचणीच्या टोकाएवढे उरले होते. चाक फिरत गेलं. ठिपके लहान होत गेले. एक नाहीसा झाला, मग दुसरा. शेवटच्या पट्टीत नुसतं मेण आलं.

“संपला,” ताई म्हणाल्या. आता पुन्हा विचारायची सोय नव्हती. जे उत्तर येईल तेच.

उत्तर शनिवारी दुपारी आलं. सत्तेचाळीसमध्ये विषाणू होता, भरपूर. अठ्ठेचाळीसमध्ये माणसाची जनुकं व्यवस्थित सापडली, म्हणजे नमुना चांगला होता. विषाणू कुठेच नव्हता. मॅडमनी ताईंसमोरच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. सोमवार रद्द. गुरुवारपासून पूर्ण मात्रा, सात आठवडे.

“वेळेत कळलं असं म्हणतायत ते,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीवरचा कागद काढला आणि घडी करून खणात ठेवला. “सोमवारपासून उरलेले पंच्याण्णव पुन्हा. मी रोज समोर बसेन.”

ताईंनी मान हलवली. एकतीस वर्षं. किती ब्लॉक असतील? त्यातल्या किती वेळा मनगटाने परस्पर काम उरकलं असेल? हा हिशेब कुठे नेऊन मांडायचा, त्यांना कळेना.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. एका दमात, जसं घडलं तसं, पातं आणि पट्टीसकट. वहिनींच्या हातातली बशी हातातच राहिली.

“म्हणजे विषाणू नाहीच?”

“नाही.”

“मग झालं कशानं हे? ना सिगारेट, ना दारू, ना आता तो पाहुणा.” वहिनींचा आवाज चढत गेला. “तुम्हाला साधं पातं बदलता आलं नाही? जगाची पाती बदलता आणि घरच्या माणसाच्या वेळी...”

“अगं, तिने बदललं असतं तरी विषाणू नव्हताच,” दादा म्हणाले. “असता तर आता सापडला असता ना?”

“पण पंधरा दिवस आम्ही...”  पंधरा दिवस वहिनी हसल्या होत्या, हे आता त्यांना कुणालाच माफ करता येत नव्हतं. बशी ठेवून त्या आत गेल्या. आत भांडी आदळली नाहीत. 

दादा खिडकीकडे पाहत होते. काहीतरी घोषणा करतील म्हणून ताई वाट पाहत राहिल्या. गाडी रद्द झाली म्हणतील, मार्ग बदलला म्हणतील. दादांनी नुसता प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात.

“तो सत्तेचाळीसवाला. तो आहे का गं अजून?”

“माहीत नाही, दादा. आमच्याकडे नुसता नंबर येतो.”

“नऊ वर्षं झाली म्हणालीस.”

“हो.”

“असेल,” दादा म्हणाले. “त्याच्याकडे होता ना विषाणू.” आणि हनुवटी खाली नेऊन त्यांनी आवंढा गिळला, पुढ्यात घास नसताना.

सोमवारी रुग्णालयात जायचं नव्हतं, म्हणून दादा कामावर गेले. वहिनींनी डबा भरून दिला, ताईंशी बोलल्या नाहीत. ताई नेहमी मागच्या रस्त्याने जायच्या. त्या दिवशी स्थानकातून गेल्या. माणसं पिशव्या सांभाळत उभी होती, कुणी केळी सोलत होतं, एक बाई मुलाला दरडावत होती. डोक्यावरच्या कर्ण्यातून दादांचा आवाज आला. तोच, अठ्ठावीस वर्षांचा.

“लक्ष द्या. आठ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक...”

आणि आवाज थांबला.

माइक चालूच होता. त्या पसरलेल्या शांततेत कर्ण्यातून एक आवंढा ऐकू आला. मोठा, ओला, सबंध पत्र्याखाली पसरलेला. मग दुसरा. कुणी मान वर केली नाही. केळी सोलणाऱ्याने साल टाकलं.

ताई जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. काप निघताना धरायच्या तसा त्यांनी श्वास धरला आणि मोजू लागल्या. तीन. चार. काचेच्या केबिनमध्ये दादांची पाठ दिसत होती, मफलरसकट, माइकवर वाकलेली. फलाटाचा आकडा अजून यायचा होता.